गाई होत्या, वासरं होती

आश्विन संपत आला की अकोल्याच्या हवेत दोन वास एकदम येतात. एक जिनात उतरणाऱ्या नव्या कापसाचा, कोरडा, घशाशी बसणारा. दुसरा गाईंसाठी भिजत घातलेल्या सरकीचा, जरासा आंबूस. पहिल्या वासानं सगळं शहर खूश होतं. दुसऱ्यानं माझं डोकं फिरतं. आता मी एका शाळेत विज्ञान शिकवतो, ढोराच्या शेपटीशीही माझा संबंध उरलेला नाही. तरी सकाळी खिडकीतून तो वास आला की पहिल्या तासाला मी पोरांवर उगाच खेकसतो. पोरं म्हणतात, दिवाळी आली की इंगळे सर बिघडतात. बरोबर म्हणतात.

यंदा निमित्त शेजारच्या वकीलकाकूंचं झालं. बाई भली. ओट्यावर भाजी निवडता निवडता मला थांबवून म्हणाल्या, "सर, तुम्ही पूर्वी त्या शेठजींच्या फार्मवर होता ना? मग एवढं सांगा, वसुबारसेला वासरासकट गाय कुठं मिळेल? आमच्या दूधवाल्याकडे गाय आहे, पण वासरू नाही म्हणतो."

गाय दूध देते आणि वासरू नाही. काकूंना या वाक्यात काही खुपलं नाही. मला मात्र जेवताना घासात खडा यावा तसं ते दातांखाली येत राहिलं. चौकशी करतो म्हणालो. चौकशी कसली करायची होती? ठिकाण मला पाठ होतं.

अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की रस्त्याच्या डाव्या हाताला तो फार्म लागतो. शेठजींचा धंदा जिनिंग-प्रेसिंगचा. ते कुठंतरी परप्रांतात एक नमुनेदार डेअरी बघून आले आणि तशीच इथं उभी करायचं त्यांनी मनावर घेतलं. सिमेंटच्या गव्हाणी केल्या, भिंतींना चुना दिला, गाईंच्या कोठ्यात नळ आणला. आर्वीकडच्या गवळाऊ गाई आणल्या, पांढऱ्याशुभ्र, काळ्याभोर डोळ्यांच्या, दूरवरून बैलांची बंडी येताना ऐकू आली तरी कान टवकारणाऱ्या. मॅनेजर आणले पुण्याकडचे, साठेसाहेब. आणि त्यांच्या हाताखाली मी, शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला. आमच्या अख्ख्या मोहल्ल्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. ही गोष्ट मी तेव्हाही लपवत नव्हतो, आताही लपवत नाही. तिवशाजवळच्या आमच्या गावात माझी पदवी बघायला बायका घरी आल्या होत्या. मायनं ती काचेत बसवून चुलीच्या धुरापासून दूर, दाराच्या वर टांगली. म्हणजे घरात येणाऱ्याला तिच्याखालून वाकूनच यावं लागे.

फार्मचा नियम असा, की गाय व्याली की तिनं चाटायच्या आत वासरू उचलायचं, पोत्यानं पुसायचं आणि मैदानापलीकडच्या वासरघरात न्यायचं. तिथं त्याच्या कानात नंबरचा बिल्ला आणि पुढं मोजून दुधाची बादली. कारणही साफ होतं. गाईला वासराची सवय लागली की ती त्याच्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि वासरू मेलं तर आटते. म्हणून सवयच लागू द्यायची नाही. युक्तिवाद म्हणून यात वाकडं काही नाही. मीही परीक्षेत हेच लिहून मार्क मिळवले होते. पण ज्या विलायती गाई बघून कॉलेजातलं ते पुस्तक लिहिलं गेलं त्या गाई वेगळ्या. आमची गवळाऊ गाय पुस्तक मानत नव्हती. धार काढायला बसलं की ती दूध वर चढवायची आणि वासरघराकडे तोंड करून ओरडायची.

हंबरणं हा शब्द मला त्या आवाजाला पुरत नाही. हंबरणं म्हणजे सांजेला रानातून घराकडे वळलेल्या ढोरांचं. हे तसं नव्हतं. नुकती व्यालेली गाय आधी मोठ्यानं ओरडते, मग तिचा घसा बसतो, मग नुसतं तोंड उघडतं आणि आतून घोगरा वारा आल्यासारखं काहीतरी येतं. मैदानाच्या पलीकडून वासरं उत्तर द्यायची. मधे लसूणघासाचा हिरवागार पट्टा, पाहुण्यांनी बघावा म्हणून राखलेला. पाहुणे तो बघायचे, आणि म्हणायचे, काय शांत जागा आहे.

पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, हेही त्याच पुस्तकात होतं. पण ते पान कोणाला आठवत नसे. चिकाची अर्धी बादली खरवसासाठी साठेसाहेबांच्या बंगल्यावर जायची. वेलदोड्याचा वास सुटलेला तो पिवळसर, थरथरता खरवस मलाही वाटीत घालून यायचा. मी तो परत पाठवायचो. साठेसाहेब म्हणायचे, "इंगळे, खरवस न आवडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय." मला खरवस फार आवडतो.

आमच्या घरी एकच गाय होती आणि मायचा कायदा सरळ होता. दोन सड वासराचे, दोन घरचे. वासरू आधी ढुशा देऊन पान्हा आणायचं, मग माय त्याला गाईच्या तोंडापुढं बांधायची. गाय त्याची पाठ चाटत उभी, माय खाली दुधाचा गंज घेऊन बसलेली, धारेचा आवाज आधी पातळ आणि मग भरदार. वासराच्या ओठांना लागलेला फेस मायच्या लुगड्याला पुसला जायचा. आमच्या वाट्याला दूध थोडं यायचं, पण रोज यायचं.

बाचं मात्र वेगळं. गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं हे पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे होतं, आणि बाच्या हाताला त्यातली एक कला होती. कोणाच्या दुभत्या गाईचं वासरू मेलं की बा त्याचं कातडं काढून त्यात कुटार, म्हणजे भुसा, भरायचा, पायांना काड्या लावायचा आणि ते वासरू गाईपुढं उभं करायचा. गाय ते चाटायची आणि पान्हा सोडायची. चाटून चाटून त्या कातड्याच्या पाठीवरचे केस झडून जायचे, खालून कुटाराची टोकं बाहेर यायची, तरी ती चाटतच राहायची. लहानपणी मी बाला विचारलं होतं, गाईला समजत नाही का हे मेलेलं आहे म्हणून. बा म्हणाला, "समजत नसन काय तिले? समजते. पण चाटाले कोणीतरी पायजे."

ज्या वर्षी आम्ही धम्म घेतला त्या वर्षी हे काम आम्ही सोडलं. पुढच्याच हिवाळ्यात पाटलांचं वासरू मेलं. मरेल नाही तर काय? त्यांच्या गाईचं सगळं दूध नागपूर रस्त्यावरच्या हॉटेलात जात होतं, वासराला नुसता सड चाटायला मिळायचा. पाटील स्वतः आमच्या अंगणापर्यंत आले, आत आले नाहीत. म्हणाले, गाय आटून राहिली, एवढं एक वासरू भरून दे, बाकीचं आम्ही काही म्हणत नाही. बा खाटेवर बसला होता. उठला नाही. त्याआधी मी त्याला पाटलांपुढं बसलेला पाहिलाच नव्हता.

"पाटील," बा म्हणाला, "जितं वासरू जितं ठेवाले शिका. मेलेलं भरून द्याले आता आमी नाई."

हे ऐकून मी कॉलेजात गेलेलो. त्यामुळं साठेसाहेबांच्या वासरघरात बादलीला तोंड लावत नाही म्हणून जबरदस्तीनं बोटं घालून पाजलेली, खंगत चाललेली वासरं बघताना माझ्या डोक्यात काय चाललं असेल, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं. जी मरत त्यांची नोंद 'अशक्त' अशी व्हायची. अशक्त जन्माला आली की काय? चांगली उड्या मारत आलेली असायची.

मी भांडलो. मला गोड बोलता येत नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीचाही तो गुण नाही. साठेसाहेबांना मी साधं बोललो तरी भांडल्यासारखंच वाटायचं. "अहो, तुम्ही पदवीधर ना? मग खेड्यातल्या माणसासारखं काय बोलताय?" असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, खेड्यातल्या माणसाची गाय दूध देऊन राहिली साहेब, आपली देत नाही. शेवटी पोळा झाल्यावर एक गाय व्यायला आली तेव्हा ते वैतागून म्हणाले, करा बाबा एका गाईवर तुमचं. दिवाळीपर्यंत तिचं दूध टिकलं तर कार्तिकात व्यायला आलेल्या गाईंची वासरंही त्यांच्याजवळ ठेवू. 'बघू' म्हणाले नाहीत, 'ठेवू' म्हणाले. साहेबांचं 'बघू' मला ठाऊक होतं, म्हणून मी मुद्दाम पुन्हा विचारून घेतलं.

त्या गाईला फार्मवर नंबर होता. धारा काढणाऱ्या सुखदेवनं तिचं नाव चांदी ठेवलं. सुखदेव मोठा टवाळ. मला तो 'बीयेस्सी' म्हणायचा. वासरू जवळ ठेवायचा बेत त्याला मुळीच पसंत नव्हता, कारण मग वासराला आधी सोडा, मग ओढा, मग बांधा ही कटकट त्याच्याच मागं. म्हणायचा, "बीयेस्सी, एक गोष्ट तुमाले कॉलेजात शिकवली नाई. वासराले मोकळं सोडलं तं ते दूध पिते. बादली नाई पीत." सगळा कोठा हसायचा. मीही हसायचो, पण वासरू सोडायचो.

तो भाद्रपद आणि आश्विन माझ्या अंगात अजून आहे. ज्वारी हुरड्यात यायची होती, तुरीला पिवळी फुलं धरत होती, कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. चांदीची कालवड सकाळी कोठ्यात शेपटी वर करून धावायची आणि ओल्या सिमेंटवर घसरून पडायची. चांदी मान वळवून बघायची, चारा तोंडातच. दसऱ्याच्या सुमारास पोळ्याच्या वेळी व्यालेल्या बाकीच्या गाई एकेक करून कमी व्हायला लागल्या. चांदी कमी झाली नाही. कालवड पिऊन उरलेलं तिचं दूध बाकीच्या कोणत्याही गाईच्या सगळ्या दुधापेक्षा जास्त भरत होतं. साठेसाहेबांनी ते स्वतः उभं राहून बघितलं, हं म्हणाले, आणि निघून गेले. मी मनात कार्तिकातल्या गाईंची दावणसुद्धा लावून टाकली. कोणती गाय कुठं, वासराला जागा कुठं, दोर किती आखूड. माणूस असा खुळा असतो.

वसुबारस आली. बंगल्यावर साठेवहिनी होत्या, व्रतवैकल्यं मनापासून करणाऱ्या. त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य, संध्याकाळी वासरासकट गाईची पूजा. फार्म गाईंचा, म्हणजे पूजेची काय अडचण? दिवे लागायच्या वेळेला त्या नवं लुगडं नेसून, ताट घेऊन, हळद-कुंकू आणि उडदाचे वडे घेऊन खाली आल्या. साहेबांनी सुखदेवला हुकूम केला, एक चांगली गाय आण आणि एक चांगलं वासरू आण.

सुखदेवनं सगळ्यांत देखणी गाय आणली आणि वासरघरातून तिला शोभेल असं पांढरं वासरू आणलं. वासरू जवळ नेताच गाईनं मान खाली घातली आणि त्याला शिंगावर घेतलं. वासरू कोलमडलं, ताट कलंडलं, अक्षता चिखलात. वहिनी घाबरल्या नाहीत, त्यांना फक्त आश्चर्य वाटलं. म्हणाल्या, "अहो, हिचं वासरू आणा ना. दुसरीचं कसं चालेल?"

तेव्हा वासरघरात बिल्ले तपासायची धावपळ झाली. कंदिलाच्या उजेडात कान धरधरून नंबर वाचले आणि त्या गाईच्या पोटचं वासरू हुडकून आणलं. गाईनं ते हुंगलं. मागं सरली. पुन्हा हुंगलं आणि लाथ घातली. जन्मल्यापासून तिनं त्याला पाहिलंच नव्हतं, ओळखणार कुठून? वासरूही तिच्याकडे बघेना, ते सुखदेवच्या हाताला बादली शोधत होतं.

सुखदेव हळूच म्हणाला, "गाईले नंबर वाचता नाई येत, वयनी."

फार्मवर गाई होत्या, वासरं होती, गाय-वासरू नव्हतं. एवढ्या मोठ्या कोठ्यात एक जोडी निघेना. नाही म्हणजे, होती एक. साहेबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "ती इंगळ्यांची गाय आणा."

चांदी आली, तिच्या मागं कालवड धावत आली आणि आल्या आल्या ढुशा देऊन प्यायला लागली. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोघींच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, घास भरवला. बाजूच्या गाई ओरडत होत्या, वासरघरातून उत्तर येत होतं, आणि त्या कालव्यातच आरती झाली. मी बाजूला उभा होतो. आम्ही पूजा करत नाही, म्हणून हात जोडले नाहीत. पण खोटं कशाला सांगू, मला वाटलं, जिंकलो. जे मी महिनोन् महिने भांडून समजावू शकलो नाही, ते सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. वहिनी जाता जाता साहेबांना म्हणाल्यासुद्धा, "हे वासरू हिच्यापासून तोडू नका हं."

साहेबांनी ते तोडलं नाही. शब्दाला जागले, म्हणायचे. दिवाळीनंतर मी कार्तिकाच्या गाईंचं विचारायला गेलो तेव्हा खुर्चीवर टेकून समाधानानं म्हणाले, "शेठजींशी बोललो मी. दरवर्षी एक जोडी ठेवायची. पूजेला लागते, पाहुण्यांना दाखवायला बरी. तुमचं म्हणणं मान्य झालं की."

मी म्हटलं, माझं म्हणणं पूजेचं नव्हतं, दुधाचं होतं. वासरं मरतात, त्याचं होतं. चांदीचं दूध टिकलं, तुम्ही पाहिलं. कार्तिकातल्या गाईंचं ठेवू म्हणाला होता.

"बघू," साहेब म्हणाले. मग थोडं हसून, वाईट हेतूनं नव्हे, पण बोलले: "आणि तसं पाहिलं इंगळे, तर तुम्ही लोक गाईला मानत नाही. मग तुम्हालाच एवढा पुळका का?"

"मी गाईला गाय मानतो, साहेब," मी म्हणालो.

मी शास्त्र मागायला गेलो होतो, त्यांनी मला देव्हारा दिला. आणि देव्हाऱ्यात एक जोडी ठेवली की बाकीच्या कोठ्याकडे पाठ फिरवायला माणूस मोकळा होतो. याचा मला आजही जेवढा संताप येतो, तेवढा त्यांनी चांदीचीही कालवड नेली असती तर आला नसता.

कार्तिकात पहिली गाय व्याली ती दुपारची. बाहेर कापसाच्या बंड्या जिनाकडे चालल्या होत्या, घुंगरांचा आवाज येत होता. वासरू ओलं, वाफाळलेलं, उठायला धडपडत होतं, आणि गाय अजून मागं वळायच्या बेतात होती. सुखदेव बंगल्यावर गेलेला. दारातून साहेब म्हणाले, "इंगळे, उचला लवकर, चाटेल ती."

गाय वळली. जीभ बाहेर आली होती.

मी म्हणालो, "वासरू उचलायला मी नाही."

हे वाक्य माझं नाही, बाचं आहे, हे बोलल्यावर लक्षात आलं. साहेबांनी मग दुसऱ्या माणसाला हाक मारली. तो येईपर्यंत गाईनं वासराचं तोंड आणि एक कान चाटून काढला होता. तेवढंच. वासरू गेलं, गाय ओरडायला लागली, आणि मी कपाटातले माझे कपडे आवरायला गेलो. गावी गेल्यावर माय रडली, एवढं शिकून पोरगा नोकरी सोडून आला म्हणून. बानं खाटेवर सरकून मला जागा केली.

एवढं सगळं वकीलकाकूंना कुठं सांगणार? आज वसुबारस, त्या टांगा करून फार्मवर जाऊन आल्या. माझ्याकडूनच पत्ता घेतला होता. साठेसाहेब आता तिथं नाहीत, पण जोडीची रीत राहिली आहे. शहरातल्या पुष्कळ बायका जातात म्हणे. काकू ओट्यावरूनच सांगायला लागल्या, "किती गोड जोडी हो, सर. वासरू नुसतं बिलगून होतं आईला. मन भरून आलं."

मी विचारलं, बाकीच्या गाई ओरडत होत्या का?

"हो, फार. मी म्हटलं, भुकेची वेळ असेल."

"काकू," मी म्हणालो, "आज तुम्ही दूध घेत नाही ना?"

"नाही बाई. आजचं दूध वासराचं."

"मग तुमच्या वाट्याचं दूध आज कोणत्या वासरानं प्यायलं?"

बाई हुशार आहेत, कळलं त्यांना. दूधवाल्याकडे वासरू नाही, हेही त्यांचं त्यांनाच आठवलं असावं. पदर सारखा करत म्हणाल्या, "खरंच हो. विचारायला हवं होतं तिथं, बाकीची वासरं कुठं असतात ते." आणि आत जायला वळत, "पण असं कसं विचारायचं? आपण पूजेला गेलेलो."

त्या आत गेल्या. मी ओट्यापाशीच उभा राहिलो. पूजेला गेलेल्यानं विचारायचं नाही, आणि विचारणारा पूजा करत नाही म्हणून त्यानं बोलायचं नाही. मग बोलायचं कोणी? गाय तर ओरडतेच आहे की मघापासून.